भाऊसाहेबांचं मत

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हतं. निफाडकडे घरटी एक तरी भाऊसाहेब असतो, आणि आमच्या सिन्नरच्या कारखान्यात सगळे त्यांना तेवढंच म्हणायचे. हजेरीपटावरचं खरं नाव मला माहीत होतं, कारण मी तिथे एचआरमध्ये कंत्राटावर कामाला होते. पण ते नाव वाचलं की कुणी दुसराच माणूस डोळ्यांसमोर यायचा.

सकाळी सात-दहाला कंपनीची बस इंदिरानगरहून सुटायची. भाऊसाहेबांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बरोबर मागची. बस नाशिकरोड ओलांडून पुणे हायवेला लागली की ते अर्धवट मागे वळायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "काल एक पाहिलं."

कुणी विचारलेलं नसायचं. तरी मागच्या चार-पाच रांगा कान टवकारायच्या. मोहदरीचा घाट चढेपर्यंत त्या सिनेमाचा, मालिकेचा नाहीतर कादंबरीचा निकाल लागलेला असायचा. ते फायनल इन्स्पेक्शनला होते. बावीस वर्षं हातात व्हर्नियर ही मापपट्टी घेऊन पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनमधून निघालेले पार्ट मोजत होते, आणि मनोरंजनालाही त्यांनी तेच तीन शिक्के ठेवले होते: पास, रिवर्क, रिजेक्ट. रिवर्क म्हणजे माल बरा आहे, थोडं घासून घ्या. "पहिला अर्धा तास काढून टाका, मग पास," असं ते एखाद्या मोठ्या सिनेमाबद्दल इतक्या सहज सांगायचे, की जणू दिग्दर्शक पुढच्या स्टॉपला बसमध्ये चढणार आहे.

त्यांचा एक नियम होता. अर्धवट बघितलेल्यावर बोलायचं नाही. कुणी म्हणालं, "मी तर दहा मिनिटांत बंद केला, इतका बंडल," तर भाऊसाहेब हात वर करायचे. "मग तुम्ही दहा मिनिटांचं मत द्या. पूर्ण सिनेमाचं देऊ नका." थिएटरात ते शेवटच्या नावांची पाटी संपून दिवे लागेपर्यंत हलायचे नाहीत. सफाईवाला झाडू घेऊन उभा असायचा, आणि हे प्रकाशयोजना साहाय्यकाचं नाव वाचत असायचे. "एवढी माणसं राबली. नावं तरी वाचावीत की नाय?"

शहरातल्या एका वाचनालयाने मात्र त्यांचं सभासदत्व बंद केलं होतं. रहस्यकथा वाचताना खुनी कोण हे ज्या पानावर कळेल, तो आकडा ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायचे. 'पान ६२ ला समजलं.' तेवढ्यावर भागलं असतं, पण एका पुस्तकात त्यांनी खुन्याचं नावही लिहिलं, आणि ते पुस्तक पुढे ग्रंथपालबाईंच्याच सासूबाईंनी नेलं.

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेमिंग कन्सोल घरीच राहिला. भाऊसाहेब तो शिकले. गाड्या पळवायच्या, ठोकायच्या, पोलिसांना चुकवायचं, असा एक गेम होता. त्यात हे लाल सिग्नलला थांबायचे. "मागचे हॉर्न मारतात. मारू द्या. एका रस्त्याला समुद्र लागतो, तिथं गाडी लावून मी सूर्य बुडेस्तोवर बसतो. लय बारीक काम केलंय पोरांनी. पास." शेतीच्या एका गेमवर मात्र ते मनापासून चिडले होते. त्यांच्या भावाची निफाडला द्राक्षबाग. "ह्यात गारपीटच नाय! पेरलं की उगवतंय, उगवलं की विकतंय. ज्यानं बनवलाय त्यानं शेत चित्रातच बघितलेलं हाय. रिजेक्ट."

हे सगळं मजेचं वाटतं, पण भाऊसाहेबांच्या शेजारी बसणं सोपं नव्हतं. वडील गेले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्याबरोबर एक सिनेमा पाहिला होता. आमचा दोघांचा तो शेवटचा. एकदा बसमध्ये त्या सिनेमाचा विषय निघाला आणि भाऊसाहेबांनी तो पाच मिनिटांत सोलून ठेवला. मला रडूच कोसळलं. सगळे त्यांच्याकडे रागाने बघायला लागले. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, आता मत बदलतील, निदान तोंडदेखलं तरी. दुसऱ्या दिवशी ते माझ्या सीटपाशी येऊन उभे राहिले.

"ताई, मी परत विचार केला. सिनेमा वाईटच हाय. पण तुम्हाला तो जन्मभर चांगला वाटणार, ते पण खरं हाय. दोन्ही राहू द्या."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढे कधीतरी लक्षात आलं, की माझ्या दुःखाशी इतक्या प्रामाणिकपणे दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

सिनेमांवर लोक मतं देतात, तारे देतात, अशा एका वेबसाइटवर मीच त्यांचं खातं उघडून दिलं. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. पासवर्ड त्यांनी माझ्याकडेच ठेवला. "मी इसरतो. तुमच्यापाशी असू द्या." मग ते घरून फोनवर एका बोटाने मतं लिहायला लागले. दोन वर्षांत चारशेच्या वर गेली. त्यांना ओळखत नसलेली माणसं त्यांना प्रश्न विचारायची: काका, हा बघू का? आणि भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, त्या अनोळखी माणसाला सविस्तर उत्तर लिहायचे. मी त्यांना इतक्या काळजीने दुसरं काही करताना पाहिलं नाही. कामसुद्धा नाही.

आमच्या मालकांना मोठे साहेब म्हणत आणि त्यांच्या मुलाला धाकटे साहेब. धाकट्या साहेबांना कारखान्यात रस नव्हता. ते मुंबईला सिनेमाचं शिकून आले आणि मोठ्या साहेबांनी त्यांना एक सिनेमा काढून दिला. छोट्या गावातून येऊन कारखाना उभा करणाऱ्या एका उद्योजकाची गोष्ट. कुणाची, ते सांगायची गरज नव्हती. चित्रीकरणाचे दहा दिवस आमच्याच शेडमध्ये झाले. सगळे खूश होते. भाऊसाहेब तर सर्वांत जास्त. जेवण सोडून कॅमेऱ्याच्या मागे उभे राहायचे.

शुक्रवारी सिनेमा लागला, तेव्हा कंपनीने दोन बस करून आम्हा सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं. मध्यंतरापर्यंत टाळ्या, शिट्ट्या. आपलं गेट पडद्यावर दिसलं की आरडाओरडा. मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. एक कामगार खिशात बाटली घेऊन कामावर येतो. झोकांड्या खात प्रेस मशीन चालवतो. त्याची तीन बोटं जातात. मालक स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेतो, रात्रभर उशाशी बसतो. कामगार शुद्धीवर येतो आणि मालकाचे पाय धरतो: साहेब, आता दारूला शिवणार नाही.

थिएटर शांत झालं. हुंदके ऐकू आले. पण आमच्या रांगांमधली शांतता वेगळी होती. उजवा हात, तीन बोटं, चार नंबरची प्रेस. पडद्यावरचं नाव बदललेलं होतं, पण तो माणूस आमच्या दोन रांगा पुढे बसला होता.

रफिकभाई. आता गेटवर सिक्युरिटीला होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद डाव्या हाताने करायचे. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. दारू सोडा, चहासुद्धा दिवसाला एकच. मला त्यांची मान दिसत होती. ती हलली नाही. सिनेमा संपला, सगळे उठले. शेवटची नावं पडद्यावर सरकत होती, आणि सबंध रिकाम्या होत जाणाऱ्या थिएटरात दोनच माणसं बसून होती. रफिकभाई, आणि त्यांच्यामागे भाऊसाहेब.

सोमवारी आमच्या एचआरच्या सरांनी मला यादी दिली. प्रत्येक कामगाराकडून वेबसाइटवर चांगलं मत टाकून घ्यायचं, पाच तारे. "गुरुवारपर्यंत सगळ्यांचं झालं पाहिजे. शनिवारी कॅन्टीनमध्ये सत्कार आहे. त्यात निवडक मतं मोठे साहेब वाचून दाखवणार आहेत."

बहुतेकांचं एका दिवसात झालं. लोकांनी फोन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, तुम्हीच टाका. रफिकभाईंनीही फोन दिला, आणि मी टाकत असताना ते खिडकीबाहेर बघत राहिले. बुधवारी यादीत एकच नाव उरलं.

मी भाऊसाहेबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले नाहीत.

"ताई, मी काहीच लिहिणार नाय. चांगलं बी नाय, वाईट बी नाय. तेवढी मोकळीक द्या."

"सगळ्यांनी लिहिलंय, भाऊसाहेब. दोन ओळींचा प्रश्न आहे. रफिकभाईंनीसुद्धा..."

"त्याची पोरगी दहावीला हाय," ते म्हणाले. "वर्गात कुणीतरी बोललं तिला. शनिवारी घरी येऊन विचारती, अब्बा, तुम्ही प्यायला होता का? तेवढंच विचारलं. रफिकनं मला सांगितलं अन् हसला. तसं हसलेलं माणूस मी पाहिलं नाय कधी."

मी टेबलावरची यादी उलटी करून ठेवली.

"मी होतो तिथं त्या दिवशी. प्रेसला पुढून जाळी असती, हात आत जाऊ नये म्हणून. गार्ड म्हणत्यात. ती काढून भिंतीला टांगली होती. जाळी असली की माल हळू निघतो ना. वरून सांगितलं होतं, काढा. मी चार पावलांवर माप घेत होतो. नंतर चौकशीला माणसं आली. मला विचारलं, पार्ट किती निघाले होते. मी आकडा सांगितला. जाळीचं कुणी विचारलं नाय." ते थांबले. "अन् मी पण सांगितलं नाय. पोरगं लहान होतं माझं."

दार उघडं होतं. सर बाहेरच्या टेबलापाशी उभे होते, त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. भाऊसाहेब गेल्यावर ते आत आले.

"निवृत्तीला अकरा महिने राहिलेत त्यांच्या. पुढे दोन वर्षं वाढवून द्यायचा विचार होता, मीच शब्द टाकणार होतो. त्यांना समजावा." जाता जाता दारात वळून म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं कन्फर्मेशनही याच महिन्यात आहे ना?"

गुरुवारी संध्याकाळी बस सुटायला दहा मिनिटं होती. यादीत एक नाव कोरं होतं. मी कॉम्प्युटरवर भाऊसाहेबांचं खातं उघडलं. पासवर्ड त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव होतं. मी पाच तारे दिले आणि लिहिलं: 'अप्रतिम! डोळ्यांत पाणी आणणारा सिनेमा. मालक असावा तर असा.' लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी स्वतःला सांगितलं, ते रोज खातं बघत नाहीत. शनिवार होऊन जाईल, मग मी पुसून टाकीन. त्यांची नोकरी वाचेल. बसमध्ये ते नेहमीच्या जागी होते. "काल एक पाहिलं," म्हणाले नाहीत. मी सगळ्यांत मागे जाऊन बसले.

शनिवारी दुपारी दोन्ही पाळ्यांची माणसं कॅन्टीनमध्ये जमली. फुगे, हार, माइक. मोठे साहेब खुशीत होते. त्यांनी तीन-चार मतं वाचली, टाळ्या झाल्या. मग हातातला कागद उलटला आणि म्हणाले, "आता खास मत. आपल्या कारखान्यातला सिनेमाचा सर्वांत मोठा शौकीन, ज्याला काहीच आवडत नाही, असे आपले भाऊसाहेब काय म्हणतात बघा."

वाचली जातील ती मतं सरांनी निवडली होती. मला विचारलं नव्हतं.

'अप्रतिम' हा शब्द माइकवरून सबंध कॅन्टीनभर घुमला. 'मालक असावा तर असा' या वाक्याला सर्वांत जोराची टाळी पडली. लोक माना वळवून भाऊसाहेबांकडे बघत होते. काही जण हसत होते, काहींच्या चेहऱ्यावर, हाही वाकला शेवटी, असं स्पष्ट दिसत होतं. दाराशी रफिकभाई गणवेशात उभे होते. त्यांनी भाऊसाहेबांकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली.

भाऊसाहेब उठले. टाळ्या आणखी वाढल्या. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार.

"साहेब, ते मत माझं नाय."

टाळ्या विझायला वेळ लागला. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"खातं माझं हाय. लिहिणं माझं नाय. मी खातं नीट संभाळलं नाय, ती चूक माझी."

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळत होतं. मी तिसऱ्या रांगेत हातात ती यादी धरून बसले होते. उठून उभं राहायला फक्त पाय सरळ करायचे होते. ते माझ्याच्याने झालं नाही.

सर लगबगीने पुढे आले, "काहीतरी तांत्रिक घोळ झाला असेल," असं म्हणू लागले. तेवढ्यात धाकट्या साहेबांनी माइक घेतला. ते हसत होते. त्यांना खरंच मजा वाटत होती. "मग तुमचं खरं मत काय, भाऊसाहेब? सांगा की! शूटिंगला तुम्ही रोज यायचात."

"खाली बसा, भाऊसाहेब," मोठे साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पुढच्या रांगेतली माणसं ताठ बसली.

"पप्पा, बोलू द्या ना."

भाऊसाहेबांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग त्यांनी घसा साफ केला.

"कॅमेरा फार चांगला. गाणी ठीक. मध्यंतरानंतर लय लांबलाय, वीस मिनिटं सहज निघत्यात. तुम्ही पहिल्यांदा केलाय, पुढचा अजून चांगला कराल." ते थांबले. वरचा पंखा तेवढा खडखडत होता. "पण प्रेसचा सीन खोटा हाय. तो माणूस प्यायलेला नव्हता. तो पीतच नाय. प्रेसला त्या दिवशी गार्ड नव्हता. काढून भिंतीला टांगला होता. मी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा मी बोललो नाय, आज तुम्ही मत विचारलं म्हणून बोलतो."

आणि ते खाली बसले. हात गुडघ्यांवर ठेवून, सरळ समोर बघत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरची माणसं किंचित, अगदी किंचित, दूर सरकली.

धाकट्या साहेबांचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे वडिलांकडे गेले होते. मोठ्या साहेबांनी हातातला कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चहा घ्या सगळ्यांनी." मी वळून दाराकडे पाहिलं तर रफिकभाई नव्हते. गेट उघडं पडलंय म्हणून निघून गेले, असं कुणीतरी सांगितलं.

सोमवारी बस सुटण्याआधीच मी भाऊसाहेबांना गाठलं. सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "माहिती हाय."

"कसं?"

"पासवर्ड तुमच्यापाशीच होता. अन् चारशे मतं लिहिली मी. एकदा तरी अप्रतिम लिहिलंय का?" मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "माझी नोकरी वाचवायला केलं, की तुमची?"

"तुमची," मी म्हणाले. ते वाट बघत राहिले. "दोन्ही."

"हं," ते म्हणाले. "मत मी काल पुसलं. पासवर्ड पोराकडून बदलून घेतला."

त्यांनी मला क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. ओरडलेही नाहीत. त्या दिवशी कारखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या टेबलावर चिठ्ठी होती: आजपासून काम मागच्या स्क्रॅप यार्डात. बावीस वर्षं ज्यांनी माल पास केला, ते आता भंगाराच्या ढिगाशी पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. दोन दिवस मी मागून ती रिकामी सीट बघितली. तिसऱ्या दिवशी जाऊन तिथे बसले. शेजारून गाडीतून जाणाऱ्या सरांनी खिडकीतून पाहिलं. भाऊसाहेबांनी पिशवी मांडीवर घेऊन जागा करून दिली, बोलले मात्र काही नाहीत. सिन्नरपर्यंत आम्ही दोघं समोरचा रस्ता बघत गेलो. असे कितीतरी दिवस गेले.

एका दुपारी स्क्रॅप यार्डासमोर धाकट्या साहेबांची गाडी दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती गेटवर रफिकभाईंच्या केबिनपाशी होती. कुणाला काही कळेना. शेवटी भाऊसाहेबांनीच मला सांगितलं, बसमध्ये, कित्येक दिवसांनी आपण होऊन.

"अपघात झाला तेव्हा साहेबांचं पोरगं नऊ वर्षांचं होतं. घरात त्याला हेच सांगितलेलं, कामगार प्यायलेला होता अन् पप्पांनी वाचवला. त्यानं ऐकलं ते काढलं. मला म्हणतो, भाऊसाहेब, जाळी कुठल्या भिंतीला होती, दाखवा. मी नेऊन दाखवली. खिळा अजून हाय तिथं. बराच वेळ बघत उभा राहिला."

"मग?"

"मग काय. म्हणाला, थिएटरातलं आता माझ्या हातात नाही. टीव्हीवर येईल तेव्हा बघतो." भाऊसाहेबांनी खांदे उडवले. "रफिकची माफी मागितली म्हणत्यात. रफिक सांगत नाय."

मोठ्या साहेबांनी काही कबूल केलं नाही, कधीच नाही. भाऊसाहेबांना मुदतवाढ मिळाली नाही. स्क्रॅप यार्डातूनच ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला वीसेक माणसं आली, आधी ठरल्यासारखी सगळी वेगवेगळ्या वेळी आणि घाईत. माझं कन्फर्मेशन झालं. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. त्याच कारणासाठी सोडली म्हणाले तर ते खोटं होईल. दुसरीकडे बरी मिळाली. पण पेढे वाटताना त्या कॅन्टीनमध्ये मला फार वेळ उभं राहवलं नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी भाऊसाहेबांचा फोन आला. मधल्या काळात कधी बोलणं नव्हतं.

"ताई, रविवारी दुपारी बाराला तो सिनेमा टीव्हीला लागणार हाय. रफिककडं बघायचाय. तुम्ही पण या. पूर्ण बघायचा, मधी उठायचं नाय."

सिन्नरला बसस्टँडच्या मागे रफिकभाईंचं दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको, दहावी होऊन अकरावीला गेलेली मुलगी, भाऊसाहेब आणि मी, सगळे सतरंजीवर. जाहिराती इतक्या होत्या, की तो प्रसंग यायला अडीच वाजले. मुलीने गुडघे छातीशी घेतले. कामगार मशीनपाशी आला. चालणं सरळ होतं. खिशात बाटली नव्हती. मशीन खाली आलं, किंकाळी आली, आणि पुढे दवाखाना. पाय धरायचा भाग कापलेला होता. त्या जागी कामगार नुसता छताकडे बघत पडलेला होता.

रफिकभाईंची बायको पदराने डोळे पुसत आत गेली.

"बाटली काढली," भाऊसाहेब हळू म्हणाले. "जाळी काय दाखवली नाय पोरानं."

"जाने दो, भाऊसाहेब," रफिकभाई म्हणाले. "इतना भी बहुत है."

भाऊसाहेबांना ते पटलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते आणखी काही बोलणार होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अब्बा, तुमचं काम करणारा तो माणूस किती ओव्हरअॅक्टिंग करतो! आणि पिक्चर किती बोअर आहे. संपतच नाही."

भाऊसाहेब सबंध अंगाने तिच्याकडे वळले. "बोअर कुठं झाला? नेमकं सांग. पहिल्यापासून, का मध्यंतरानंतर?"

"गाणं सुरू झालं ना, तिथून."

"कुठलं गाणं? पहिलं का दुसरं? पहिलं चांगलं हाय."

"काका, पहिलंच तर सगळ्यात बकवास आहे!"

"बकवास कसं म्हणती? त्याची चाल ऐकली का नीट?"

दोघं हातवारे करत भांडायला लागले. पडद्यावर मालकाच्या घरी कसलीशी पूजा चालली होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रफिकभाईंनी सतरंजीवरचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांना लेकीचं ऐकायचं होतं.